उष्णतेच्या लाटेची बातमी : ती कशी तयार होते व गावात तिचा उपयोग कसा करावा

महाड व पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे दोन तालुके होत. पूर्वेस सह्याद्रीचा कडा, मधून वाहणारी सावित्री, तिला येऊन मिळणाऱ्या काळ व गांधारी या नद्या आणि सभोवार डोंगर, अशी येथील भूमीची ठेवण आहे. पावसाळ्यात या नद्यांना पाणी आवरत नाही. उन्हाळ्यात मात्र याच डोंगरांतील कित्येक वाड्यांना टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागतात. उन्हाळा हा येथील शेतकऱ्यास विश्रांतीचा काळ नसतो. कवळ तोडणे, राब भाजणे, शेणखत वाहणे, बांध घालणे, घर शाकारणे, लाकूडफाटा भरून ठेवणे ही आगोटीपूर्वीची सर्व कामे नेमकी कडक उन्हाच्या दिवसांतच उरकावी लागतात.

याच दिवसांत वृत्तपत्रे, आकाशवाणी, दूरचित्रवाणी व भ्रमणध्वनी यांवरून उष्णतेच्या लाटेच्या बातम्या येऊ लागतात. ‘पारा चढला’, ‘सूर्य आग ओकू लागला’ असे मथळे दररोज वाचून त्यांची सवय होते, आणि सवय झाली म्हणजे माणूस त्यांकडे लक्ष देईनासा होतो. दुसरीकडे, एखादा अवास्तव आकडा वाचून काही लोक विनाकारण घाबरतात. या दोन्ही गोष्टींनी नुकसानच होते. बातमी कोठून निघते, तिच्यात कोणती माहिती खात्रीची असते आणि कोणती माहिती मुळीच नसते, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास व शेतकरी बांधवांस ठाऊक असल्यास तीच बातमी जीव वाचविण्याच्या उपयोगी पडू शकते.

बातमीचा उगम

उष्णतेच्या लाटेचा इशारा वृत्तपत्र देत नाही. तो भारतीय हवामानशास्त्र विभाग देतो, व कोकणापुरते हे काम या विभागाच्या मुंबई येथील प्रादेशिक केंद्रातून चालते. वृत्तपत्रे, वृत्तवाहिन्या व जिल्हा प्रशासन हे तो इशारा पुढे पोहोचवितात.

‘लाट’ या शब्दास हवामानशास्त्रात ठराविक अर्थ आहे. सपाटीवरील केंद्रावर कमाल तापमान निदान ४० अंश सेल्सिअस, किनाऱ्यालगतच्या केंद्रावर निदान ३७ अंश व डोंगराळ भागात निदान ३० अंश झाल्याखेरीज लाटेचा विचार होत नाही. त्यानंतर ते तापमान त्या दिवसांच्या सरासरीहून किती अधिक आहे, हे पाहिले जाते. सरासरीहून ४.५ ते ६.४ अंश अधिक असल्यास उष्णतेची लाट व त्याहून अधिक असल्यास तीव्र लाट समजली जाते. सपाटीवर तापमान ४५ अंशांवर पोहोचल्यास सरासरी न पाहताच लाट मानतात. शिवाय हवामान उपविभागातील निदान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस अशी स्थिती राहिली, म्हणजे दुसऱ्या दिवशी लाट आल्याचे जाहीर होते. रायगड जिल्हा ‘कोकण व गोवा’ या उपविभागात मोडतो.

उदाहरणार्थ, किनाऱ्यावरील एखाद्या केंद्राची त्या आठवड्यातील सरासरी ३३ अंश असेल, तर तेथे ३७.५ अंशांस लाटेची अट पुरी होते. विदर्भातील शेतकऱ्यास ३७.५ हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु कोकणच्या हवेत बाष्प अधिक असते. घाम सुकला तरच शरीर थंड होते, आणि दमट हवेत घाम सुकत नाही. यास्तव कोकणासाठी मर्यादा खाली ठेवलेली आहे. बातमीतील आकडा विदर्भाच्या आकड्याशी ताडून ‘आपल्याकडे काहीच नाही’ असे समजणे ही मोठी चूक होय.

इशाऱ्याबरोबर रंगही दिलेला असतो. हिरवा म्हणजे कोणताही इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवावे. नारिंगी म्हणजे तयारीत राहावे. लाल म्हणजे तत्काळ कृती करावी. बातमीत रंग असतो, परंतु त्याचा अर्थ बहुधा दिलेला नसतो. तो कार्यकर्त्याने गावास समजावून द्यावा.

लाटेचा काळ केवळ वैशाखच आहे, असे धरून चालण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत. २०२५ साली फेब्रुवारीच्या अखेरच्या आठवड्यातच मुंबई, ठाणे, रायगड व रत्नागिरी या जिल्ह्यांसाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा देण्यात आला होता. त्या सुमारास शेतात वाल उभा असतो व आंब्याची फळे लहान असतात.

एक जिल्हा, अनेक हवामाने

इशारा सामान्यतः जिल्ह्याच्या नावाने दिला जातो आणि बातमीही ‘रायगड’ या एका शब्दात दिली जाते. पण रायगड जिल्हा पनवेलपासून पोलादपूरपर्यंत पसरलेला आहे. अलिबाग, मुरूड व श्रीवर्धन समुद्रावर वसलेली आहेत, तर महाड व पोलादपूर डोंगराच्या कुशीत आहेत. या दोहोंची दुपार एकसारखी नसते.

किनाऱ्यावर सकाळ ओसरू लागली की समुद्राकडील वारा सुटतो व चढते तापमान थोपवून धरतो. आतील खोऱ्यांत तो वारा उशिरा व मंदावून पोहोचतो. जेव्हा पूर्वेकडील वारे जोरात असतात, तेव्हा समुद्राचा वारा किनाऱ्यावरही लवकर येऊ शकत नाही. याशिवाय पूर्वेची कोरडी हवा सह्याद्रीवरून खाली उतरताना दाबली जाऊन तापते. कोरडी हवा १,००० मीटर खाली उतरली म्हणजे सुमारे १० अंशांनी अधिक उष्ण होते. महाबळेश्वराकडून आंबेनळी घाटाने पोलादपुरास उतरणाऱ्या प्रवाशास जो फरक जाणवतो, त्याचे एक कारण हेच होय. डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात ही तापलेली हवा कोंडून राहते.

यावरून असे दिसून येईल की, बातमीत अलिबाग किंवा मुंबईचे तापमान दिले असल्यास ते महाडच्या शेतकऱ्याचे तापमान नव्हे. मुंबईचा आकडा उतरला, म्हणून सावित्रीच्या खोऱ्यातील ऊनही उतरले, असे समजू नये. बातमीत आकडा दिसला की प्रथम केंद्राचे नाव शोधावे. नाव नसलेला आकडा निर्णयासाठी वापरू नये.

आकडा कसा मोजला जातो

वेधशाळेत तापमापक उन्हात ठेवीत नाहीत. पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर तो ठेवतात. म्हणजे बातमीतील तापमान हे सावलीतील हवेचे तापमान असते. उन्हात राब भाजणाऱ्या माणसास सूर्याचा व शिवाय विस्तवाचा ताप सोसावा लागतो. डांबरी रस्ता व पत्र्याचे छप्पर हवेहून पुष्कळ अधिक तापते. याउलट, भ्रमणध्वनीवर गावाच्या नावापुढे दिसणारे तापमान बहुधा त्या गावात मोजलेले नसते. दूरच्या केंद्रांच्या नोंदी व गणिती अंदाज यांवरून ते काढलेले असते. ‘जाणवणारे तापमान’ म्हणून दिलेला आकडा तर बाष्पाचा हिशेब धरून काढलेला वेगळाच आकडा असतो. हे तीन आकडे एकमेकांत मिसळून बातमी केल्यास वाचकाचा गोंधळ होतो.

या बाबतीत रायगड जिल्ह्यातीलच एक उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. ताम्हिणी घाटाच्या पायथ्याशी भिरा येथे २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. त्या दिवशीचा तो देशातील सर्वाधिक आकडा म्हणून देशभरच्या वृत्तपत्रांत झळकला. कोकणातील एक लहानसे गाव मराठवाडा-विदर्भाहून अधिक तापले, ही गोष्ट बातमीदारांना साहजिकच आकर्षक वाटली. परंतु मार्च महिन्यात, समुद्रापासून फार दूर नसलेल्या ठिकाणी एवढा आकडा आला म्हणजे आजूबाजूच्या केंद्रांशी तो ताडून पाहणे व उपकरणाची जागा तपासणे हेच शास्त्रीय वर्तन होय.

ही काळजी का घ्यावी लागते, ते २०२४ साली स्पष्ट झाले. त्या वर्षी २९ मे रोजी दिल्लीतील मुंगेशपूर येथील स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश तापमान दाखविले. देशातील आजवरचा उच्चांक म्हणून ती बातमी जगभर गेली. तपासणीअंती ते उपकरण सुमारे ३ अंश अधिक दाखवीत असल्याचे निष्पन्न झाले. दुसऱ्याच दिवशी नागपूर येथील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांचा आकडा दाखविला. तोही उपकरणातील बिघाडामुळे चुकीचा असल्याचे हवामान विभागाने कळविले. मूळ बातमी पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत येते, दुरुस्ती मात्र पुष्कळदा नजरेतून सुटते.

अशा आकड्यांनी दुहेरी हानी होते. खोटा आकडा उघडकीस आल्यावर लोक खऱ्या इशाऱ्यावरही विश्वास ठेवीनासे होतात. तसेच ५० अंश ऐकण्याची सवय झालेल्या कानास ३८ अंश हा आकडा निरुपद्रवी वाटू लागतो. वास्तविक पाहता दमट हवेतील ३८ अंश हे उन्हात बसलेल्या किंवा राबणाऱ्या माणसाचा प्राण घेण्यास पुरेसे आहेत.

मथळा व छायाचित्र

उष्णतेस रूप नाही. पुराचे पाणी दिसते, दरड कोसळलेली दिसते. महाड तालुक्याने २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते येथील दरडी पाहिल्या; २०२१ च्या जुलैत महाड शहरातील महापूर व तळिये येथील दरड पाहिली. त्या वेळी वार्ताहर व छायाचित्रकार देशभरातून आले आणि मदतीचा ओघही त्यामागोमाग आला. उष्णतेच्या लाटेत मात्र कोणतीही भिंत पडत नाही. एखादी वृद्ध स्त्री पत्र्याच्या घरात दुपारी मूर्च्छित होते, एखादा मजूर संध्याकाळी तापाने फणफणतो. या घटना वेगवेगळ्या वाड्यांत, वेगवेगळ्या दिवशी घडतात. त्यांचे एकत्र छायाचित्र निघत नाही.

मग छायाचित्र कशाचे छापले जाते? बहुतेक वेळा नदीत डुंबणारी मुले, शहाळ्याच्या गाड्या किंवा तोंडास रुमाल बांधून दुचाकीवरून जाणाऱ्या तरुणी यांचे. हा प्रकार आपल्याकडेच आहे असे नाही. २०१९ साली युरोपात आलेल्या उष्णतेच्या लाटांच्या वृत्तांचा तेथील संशोधकांनी अभ्यास केला, तेव्हा मजकूर धोक्याचा असूनही अनेक छायाचित्रे समुद्रकिनाऱ्यावरील मौजेची होती, असे त्यांस आढळले. चित्र मौजेचे असेल, तर मजकुरातील धोका वाचकाच्या मनावर ठसत नाही. ज्यांना खरा धोका असतो ते वृद्ध, तान्ही बालके, गरोदर स्त्रिया, उन्हात काम करणारे मजूर, डोक्यावर हंडे घेऊन चढण चढणाऱ्या स्त्रिया आणि भट्टीजवळचे कामगार हे चित्रात क्वचितच दिसतात.

मृत्यूची मोजणी

१६ एप्रिल २०२३ रोजी रायगड जिल्ह्यातच, पनवेल तालुक्यातील खारघर येथे, राज्य शासनाच्या पुरस्कार समारंभासाठी लाखो लोक भर उन्हात मोकळ्या मैदानावर बसले होते. त्या दिवशी जवळच्या केंद्रावरील तापमान सुमारे ३८ अंश होते. उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. ही बातमी सर्वत्र प्रसिद्ध झाली, कारण सर्व माणसे एकाच जागी, एकाच दिवशी व अनेकांच्या डोळ्यांदेखत कोसळली. तीच १४ माणसे १४ गावांत आपापल्या शेतावर दगावली असती, तर त्यांची बातमी झाली असती काय, याचा विचार प्रत्येक कार्यकर्त्याने करावा.

उष्णतेने आलेला मृत्यू ओळखणे कठीण असते. ज्यास आधीच हृदयाचा, मूत्रपिंडाचा वा मधुमेहाचा विकार आहे, त्याच्या मृत्यूच्या कारणात तोच विकार लिहिला जातो. यामुळे शासकीय नोंदीत प्रथम ‘संशयित’ असा शेरा येतो व चौकशीनंतरच कारण ठरते. वृत्तपत्रांत दोन वेगवेगळे आकडे दिसतात, त्याचे हे एक कारण होय. बातमी वाचताना आकडा संशयितांचा आहे की चौकशीअंती ठरलेल्यांचा, हे पाहावे.

या अडचणीवर शास्त्रज्ञांनी एक उपाय काढला आहे. लाटेच्या दिवसांत एकूण किती मृत्यू झाले व नेहमीच्या वर्षी त्याच दिवसांत किती होतात, यांतील फरक काढावयाचा. १९९५ च्या जुलैत अमेरिकेतील शिकागो शहरात अशा रीतीने एका आठवड्यात ७३९ अधिक मृत्यू झाल्याचे दिसून आले. त्या वेळी वृत्तपत्रांत व नगरप्रशासनात मृत्यूंचा आकडा फुगविलेला आहे की काय, यावरच वाद माजला होता. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबाद येथे अशाच हिशेबाने सुमारे १,३०० अधिक मृत्यू आढळले. त्यातून धडा घेऊन त्या शहराने २०१३ साली उष्णतेपासून बचावाची योजना आखली. इशारा, दवाखान्यांची तयारी व लोकांस माहिती या तिन्ही गोष्टी तिच्यात एकत्र गुंफल्या. मोजणी झाली म्हणून योजना झाली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पिके, जनावरे व विमा

शेतीच्या बाबतीत उन्हाळ्यातील बातमी बहुधा हापूस आंब्याची असते. लहान फळांची गळ, फळांवर पडणारे उन्हाचे चट्टे आणि साका यांविषयी मजकूर येतो, कारण आंब्यास मोठी बाजारपेठ आहे. म्हशीचे घटलेले दूध, खुराड्यात मेलेल्या कोंबड्या, करपलेली भाजीची रोपे व मजुराची बुडालेली रोजी यांची बातमी होत नाही. म्हशीची कातडी काळी असते व तिला घाम कमी येतो. त्यामुळे गाईपेक्षा तिला उन्हाचा त्रास अधिक होतो. बातमीत उल्लेख नाही, म्हणून गोठ्यावर गवताचे आच्छादन घालण्याचे व दुपारी म्हैस पाण्यात सोडण्याचे काम लांबणीवर टाकू नये.

एक गोष्ट आर्थिक दृष्ट्या महत्त्वाची आहे. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत आंब्यासाठी जास्त तापमान हाही एक धोका धरलेला असतो. भरपाई ठरते ती वृत्तपत्रातील आकड्यावरून नव्हे, तर महसूल मंडळातील संदर्भ हवामान केंद्राच्या नोंदीवरून. ‘रायगड तापला’ हे कात्रण विमा कंपनीपुढे ठेवून काहीही साध्य होत नाही. आपल्या मंडळाचे केंद्र कोठे आहे, ते चालू आहे काय व त्या हंगामाच्या शासन निर्णयात तापमानाची कोणती मर्यादा दिली आहे, हे बागायतदाराने हंगामाच्या आरंभीच कृषी कार्यालयातून विचारून घ्यावे.

शेतीसाठी वेगळा हवामान सल्लाही उपलब्ध असतो. दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ व हवामान विभाग यांच्या सहकार्याने मंगळवारी व शुक्रवारी कृषी हवामान सल्ला पत्रिका निघते. तिच्यात पुढील पाच दिवसांचा अंदाज व पिकांनुसार करावयाची कामे दिलेली असतात. रोजच्या बातमीपेक्षा शेतकऱ्यास ती अधिक उपयुक्त होय.

गावात काय करावे

बातमी वाचल्यावर कार्यकर्त्याने स्वतःस पुढील प्रश्न विचारावेत :

(१) इशारा कोणी दिला आहे? हवामान विभागाचे नाव व इशाऱ्याची तारीख आहे काय?
(२) तो कोणत्या दिवसांसाठी आहे? जुना इशारा भ्रमणध्वनीवरून पुन्हा फिरत तर नाही ना?
(३) आकडा कोणत्या केंद्राचा आहे? तो मोजलेला आहे की अंदाजाचा?
(४) रंग कोणता आहे व त्याचा अर्थ काय?
(५) आपल्या गावातील कोणाला या दिवसांत अधिक धोका आहे?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही वृत्तपत्रात मिळणार नाही. ते आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका व ग्रामपंचायतीचे सदस्य यांनी मिळून तयार करावयाचे आहे. एकटे राहणारे वृद्ध, पत्र्याच्या घरातील आजारी माणसे व तान्ह्या मुलांची घरे यांची यादी करून इशाऱ्याच्या दिवशी दुपारी त्यांची विचारपूस करावी.

ग्रामपंचायतीच्या फलकावर इशारा लिहिताना मथळ्यातील अलंकारिक भाषा उतरवून घेऊ नये. ‘उद्या व परवा नारिंगी इशारा. दुपारी १२ ते ३ या वेळात राब भाजणे व ओझी वाहणे बंद ठेवावे. कामावर जाताना पाणी बरोबर न्यावे.’ इतके लिहिल्यास पुरे. मजुरांची कामे पहाटे सुरू करून उन्हापूर्वी थांबवावीत. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी, ताक, कैरीचे पन्हे किंवा कोकमाचे सरबत घ्यावे. त्वचा तापलेली, बोलणे असंबद्ध, तोल जातो, शुद्ध हरपते ही उष्माघाताची लक्षणे होत. अशा माणसास तत्काळ सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. घाम येत आहे, म्हणून उष्माघात नाही असेही समजू नये. राबणाऱ्या माणसास घाम येत असतानाही उष्माघात होतो.

अखेरची गोष्ट अशी की, बातमी ही केवळ शहराकडून गावाकडे येणारी वस्तू नव्हे. तालुक्याच्या वार्ताहरास गावातून माहिती मिळाली तरच तो ती पुढे पाठवू शकतो. कोणी उन्हाने आजारी पडल्यास दिवस, वेळ, जागा, चालू असलेले काम व दवाखान्यात मोजलेला ताप यांची नोंद आरोग्य केंद्रात करून घ्यावी. किती वाड्यांत पाणी संपले, किती जनावरे दगावली, याची गणती तहसील कार्यालयास लेखी कळवावी व वार्ताहरास तीच संख्या द्यावी. अंदाजाने फुगविलेली संख्या देऊ नये. ज्या गावात अशी नोंदवही चोख ठेवली जाते, त्या गावाचा उन्हाळा पुढील वर्षीच्या पाण्याच्या व आरोग्याच्या आराखड्यात धरला जाण्याची शक्यता अधिक असते. जेथे नोंद नाही, तेथील माणसे उन्हाने दगावली तरी ती कोणत्याही हिशेबात येत नाहीत.